वाचलेली

"कशातनं वाचलीस गं? काय झालतं तुला?"

इचलकरंजीहून आलेला आईचा आवाज इतका चिरकला होता, की शलाकानं फोन कानापासून हातभर लांब धरला. डर्बनच्या हॉटेलात ती नाश्त्याला बसली होती. समोर पपईच्या फोडी होत्या.

"कशातनं म्हणजे?"

"पेपरात आलंय की, थोरल्या अक्षरात! 'शलाका मगदूम वाचली'. शेजारच्या वहिनी पेपर घेऊनच पळत आल्या. गाडीबिडी आदळली काय? लागलं न्हाई न्हवं कुठं?"

हसावं की रडावं, शलाकाला कळेना. "आई, मी धडधाकट हाय. जिवानिशी वाचली असं न्हवं ते. पुस्तक वाचत्यात तसं. मला वाचलंय सगळ्यांनी. मी पुढचा चेंडू कसला टाकणार, ते समोरच्या पोरींना आधीच कळतंय. उपांत्य सामन्यात मला कशी धुतली, बघितलंस की तू."

"मग तसं लिहायचं की सरळ! माझ्या पोटात गोळा आणला मेल्यांनी." आई जराशी शांत झाली. "आणि कोण वाचतंय म्हणं तुला?"

"यंत्र."

"यंत्राला काय कळतंय? माझ्या मागाला सुताचा धोटा अडकलेला कळत न्हवता. मी जाऊन सोडवायचो तवा चालायचा."

आईनं समाधानानं फोन ठेवला. शलाकाची पपई तशीच राहिली. तिनं आईला सांगितलं ते खरंच होतं, पण अर्धंच सांगितलं होतं. जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना तीन दिवसांवर आला होता, आणि त्या वीस षटकांच्या सामन्यात आपलं नाव असेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

या 'वाचली'चा उगम सांगायला हवा. फिरकी चेंडू हातातून सुटला की फलंदाजापर्यंत यायला सेकंदही लागत नाही. तेवढ्यात बघायचं, विचार करायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची म्हटलं तर उशीरच होणार. म्हणून चांगली फलंदाज चेंडू सुटायच्या आधीपासून वाचायला लागते. खांदा किती पडला, मनगट कुठं वळलं, शेवटचं पाऊल कसं टेकलं. हे क्रिकेटमध्ये पहिल्यापासून होतंच. नवीन आली ती जुळी.

स्पर्धेतल्या प्रत्येक गोलंदाजाच्या मनगटावर एक पातळ पट्टी असे. स्नायू आवळला जाण्याआधी त्यातून विजेची एक बारीक लहर जाते, ती ही पट्टी टिपायची. मैदानाभोवतीचे कॅमेरे सांध्यान्‌सांध्याची हालचाल टिपायचे. वर्षानुवर्षांची ही माहिती शिकणाऱ्या संगणकाला भरवली, की त्यातून त्या गोलंदाजाची हुबेहूब जुळी बहीण तयार व्हायची. ती दिसायला सारखी असायची, यात विशेष काही नव्हतं. षटकार बसल्यावर खरी मुलगी चिडून जे टाकेल, तेच जुळी टाकायची. दमल्यावर, घाबरल्यावर, उगाच फुशारकी मारावीशी वाटल्यावर खरी जे टाकेल, तेही. सरावाच्या खोलीत समोरच्या पडद्यावर जुळी धावत यायची, आणि तिचा हात जिथं असेल बरोबर तिथून, पडद्यामागच्या यंत्रातून, खराखुरा चेंडू सुटायचा.

श्रीमंत संघांनाच या जुळ्यांचा फायदा मिळू नये म्हणून जागतिक परिषदेनं सगळ्या जुळ्या सगळ्यांना खुल्या करून टाकल्या. हेतू चांगला होता. झालं असं, की फलंदाज मुली एकेका गोलंदाजाला खोलीत बसून हजारो वेळा खेळू लागल्या. इतक्या वेळा, की शेवटी डोक्याला विचारायची गरज उरेना. खांदा हलला की त्यांचे पाय आपले आपण निघायचे.

मग भाषाही बदलली. जिची जुळी पुरी झाली ती 'वाचलेली', आणि जिची माहितीच नाही ती 'कोरी'. निवड समित्या कोऱ्या मुली शोधत फिरू लागल्या. सांगली-कोल्हापूरकडे पडदे लावलेल्या नेटची शिबिरं निघाली आणि चौकाचौकांत फलक लागले, 'आम्ही तुमच्या मुलीला कोरी ठेवू'. आईबाप मुलीच्या वाढदिवसाचे व्हिडिओसुद्धा जपून काढू लागले. शलाकासमोर पहिला कॅमेरा आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि आता एकोणतीस. तिच्यात वाचायचं असं काही कुणासाठी उरलं नव्हतं.

वैजयंती मॅडमनी तिला त्याच दुपारी बोलावलं. त्या संघाच्या प्रशिक्षक. मूळच्या नागपूरच्या, आणि आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या.

"शलाका, अंतिम सामन्यात मी आपल्या कोऱ्या अन्वीला खेळवावं म्हणते."

"ती सतरा वर्षांची आहे, मॅडम. घाबरेल."

"घाबरेल ना. पण दक्षिण आफ्रिकेच्या नोमसा म्बेलेला तिचं घाबरणं ठाऊक नाही. तुझं आहे." मॅडमनी चष्मा काढला. "नोमसा एकटी सामना नेते, हे तू बघितलंस. आणि ती तुझ्या जुळीला रोज खेळते. राग मानू नको."

राग आलाच होता, पण तो मॅडमवर नव्हता. शलाका म्हणाली, "मला दोन दिवस जुळीची खोली द्या. मी माझ्याच समोर बॅट घेऊन थांबतो."

'थांबतो' ऐकून मॅडमना आता हसू येत नसे. इचलकरंजीकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो'च म्हणतात. संघातल्या मुंबईच्या मुलींनी सुरुवातीला त्यावरून तिची भरपूर खेचली होती, आणि शलाकानं इरेला पेटून एक अक्षर बदललं नव्हतं.

"त्यातून काय मिळणार तुला?"

"तिला काय येत नाही, ते बघतो."

मॅडमनी मान हलवली. ती होकाराची होती की कीव केल्याची, ते शलाकानं विचारलं नाही.

खाली जाताना लिफ्टमध्ये नेमकी नोमसाच भेटली. दोन्ही संघ एकाच हॉटेलात होते. नोमसा उंच, हसरी, आणि वागायला अगदी साधी. जुनी मैत्रीण भेटावी तशी ती शलाकाकडे बघून हसली.

"खांदा कसा आहे तुझा?" तिनं इंग्रजीत विचारलं. "उजवा. परवा तिसऱ्या षटकापासून उतरत होता. शेकतेस की नाही?"

शलाका गारच पडली. खांद्याचं दुखणं तिनं संघाच्या डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? मी तुला रोज भेटते. माझ्या सख्ख्या बहिणीला भेटत नाही इतकी." लिफ्टचं दार उघडलं. "काळजी घे. तू चांगली गोलंदाज आहेस, मनापासून सांगते."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. अनोळखी बाईनं आपल्या स्वयंपाकघरात शिरावं आणि साखरेचा डबा कुठं ठेवलाय ते आपल्यालाच सांगावं, तसं शलाकाला झालं. दार बंद झालं तरी ती तिथंच उभी राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, बाई गं, तुला एकदा तरी चकवल्याशिवाय मी घरी जात नाही.

पहिला दिवस तिनं जुळीचा मार खाण्यात घालवला. समोरून आपणच धावत येतोय, आपणच ओठ आवळतोय, आणि आपल्याच गुगलीवर आपला त्रिफळा उडतोय, हे बघणं काही सुखाचं नव्हतं. गंमत म्हणजे तिला थोडा अभिमानही वाटत होता. पोरगी चांगली टाकत होती. चूक शोधायला गेलेली शलाका संध्याकाळी रिकाम्या हातानं परतली.

दुसऱ्या दिवशी निलोफर आली. निलोफर नदाफ संघाची यष्टिरक्षक, शलाकापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि तिच्याच गल्लीतली. यंत्रमागांच्या शेडमागच्या बोळात शलाका मोठ्या पोरांत खेळायची तेव्हा ही हातात फळकूट घेऊन 'मला पण, मला पण' करत मध्ये घुसायची. मग तिला लिंबूटिंबू करायचे. लिंबूटिंबूला बाद धरत नाहीत, त्याची धाव मोजत नाहीत, पण त्याला खेळायला मात्र मिळतं. भारताच्या संघात आल्यावरही निलोफर शलाकाला गल्लीतल्यासारखी आक्काच म्हणायची.

"सरक आक्का, मला बघू दे," म्हणत तिनं बॅट घेतली. जुळीनं तिला पहिल्या चेंडूवर चकवलं, दुसऱ्यावर पायचीत केलं, तिसऱ्यावर तिची मधली यष्टी उडवली. निलोफर वैतागली. कमरेवर हात ठेवून ती पडद्याला म्हणाली, "आक्का, लिंबूटिंबू टाक की गं!"

जुळी धावत आली आणि तिनं फास्ट गुगली टाकली. यष्ट्या पुन्हा आडव्या.

दोघी खो खो हसत सुटल्या. निलोफर तर खालीच बसली. आणि हसता हसता दोघी एकदमच थांबल्या.

"आक्का," निलोफर हळू आवाजात म्हणाली, "तिला तो येत न्हाई."

तो म्हणजे लिंबूटिंबूचा चेंडू. गल्लीत निलोफरची पाळी आली की शलाका चेंडू बोटांवर अलगद ठेवून उंच सोडायची. तो अगदी सावकाश वर जायचा, सावकाश खाली यायचा, फळकुटासमोर टप्पा खायचा आणि आपणहून फळकुटावर येऊन बसायचा. टप्प्यावर तो वळवायचा नाही, हा त्याचा धर्म. पोराला मारता यावा म्हणूनच तो टाकायचा. निलोफर फलंदाजी शिकली ती त्याच चेंडूवर.

कॅमेरा आल्यापासून शलाकानं तो कुणालाच टाकला नव्हता. टाकणार कुणाला? समोर सदैव प्रतिस्पर्धीच. जुळीला शलाकाची प्रत्येक चाल ठाऊक होती, पण त्यातली एकूणएक चाल कुणाला तरी बाद करण्यासाठी होती. समोरच्याला खेळता यावं म्हणून टाकलेला एकही चेंडू तिच्यात भरलेला नव्हता.

"नोमसाला टाक," निलोफर म्हणाली.

"खुळी काय तू? मैदानाबाहेर भिरकावंल."

"भिरकावंल, जाग्यावर थांबली तर. ती थांबतीया कुठं? तुझा खांदा हलला की तिचं पाय निघत्यात. पुढं ईल आणि चेंडू अजून वरच असंल. मग करंल काय? आणि मागं मी हाय की."

शलाका आडव्या झालेल्या यष्ट्या सरळ करू लागली. युक्ती बरोबर होती, ते तिला कळत होतं. तरी मन घेत नव्हतं. "निलू, तो कुणाला बाद करायचा चेंडू न्हाई गं."

"मला ठाऊक न्हाई व्हय? माझ्यासाठीच टाकायचीस."

आणखीही एक गोष्ट होती, ती दोघींनाही माहीत होती, म्हणून कुणी उच्चारली नाही. मैदानावर मनगटात पट्टी असते. तो चेंडू एकदा पडला की रातोरात जुळीत जाणार, आणि दुसऱ्या दिवशी जगातल्या प्रत्येक खोलीत पोचणार. इचलकरंजीच्या त्या बोळातलं एवढं एकच काय ते तिच्यापाशी तिचं स्वतःचं राहिलं होतं.

सरावाचाही प्रश्न होता. नेटमध्ये पट्टी सक्तीची. निलोफर म्हणाली, हॉटेलच्या खोलीत मोज्यांचा गोळा करून टाकून बघ. शलाकानं ते साफ धुडकावलं. "सराव केला की तो गोलंदाजाचा चेंडू होतो. मग तो नोमसालाबी ओळखू ईल. टाकला तर तसाच टाकतो, न्हाईतर न्हाई."

संध्याकाळी ती मॅडमकडे गेली. "मला खेळवा."

"काय सापडलं?"

"ते सांगत नाही. बैठकीत गेलं की त्याची चर्चा होईल, नेटमध्ये करून बघ म्हणाल. मला एक षटक द्या, नोमसा असताना. नाही जमलं, तर मी वाचून झालो असं मीच पेपरवाल्यांना सांगतो आणि परत तुमच्या दारात येत नाही."

मॅडमनी तिच्याकडे टक लावून बघितलं. "अन्वीला मी आज सकाळीच सांगून बसले होते. तिला आता काय सांगू?"

"ती अजून दहा वर्षं खेळणार आहे. मला एवढंच आहे."

"फार हट्टी आहेस."

"आहे," शलाका म्हणाली.

अंतिम सामना दुपारी सुरू झाला. डर्बनच्या किंग्समीड मैदानावर तिळाएवढी जागा नव्हती आणि जवळजवळ सगळे प्रेक्षक नोमसाचे होते. भारतानं दीडशेच्या थोड्या वर धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या बाकीच्या मुली येत-जात राहिल्या, पण एका टोकाला नोमसा पाय रोवून होती. सोळावं षटक आलं तेव्हा पारडं स्पष्टपणे तिच्या बाजूला झुकलं होतं, आणि कर्णधारानं चेंडू शलाकाच्या हातात दिला.

पहिला चेंडू गुगली. शलाकाचा हात वर यायच्या आत नोमसाचे पाय निघाले होते. चेंडू प्रेक्षकांत गेला. दुसरा लेगब्रेक. कव्हरमधून चौकार. तिसरा वेगात आणि सरळ, तोही तिला ठाऊक होता, आणखी चौकार. स्टेडियम नाचायला लागलं. कर्णधार कपाळाला हात लावून मॅडमकडे बघत होती. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

शलाका चेंडू पुसत परत निघाली. हे तीन चेंडू तिनं मुद्दाम नेहमीचेच टाकले होते. नोमसानं नेहमीसारखंच पुढं यावं, एवढंच तिला हवं होतं. तरी चौथा टाकायला हात तयार होईना. हा चेंडू मी फसवायला वापरला, तर परत कधी तो स्वच्छ मनानं टाकता येईल का?

तेवढ्यात यष्ट्यांमागून खणखणीत आवाज आला. "आक्का! ल्हान पोर हाय गं, जरा जपून!"

यष्टीतल्या माइकनं ते साऱ्या जगाला ऐकवलं. समालोचकांनी भाषांतर वाचलं आणि ते बुचकळ्यात पडले. इथं लहान मूल कुठून आलं?

शलाकाला हसू फुटलं. ती धावत निघाली, खांदा नेहमीसारखा पडला, नोमसाचे पाय नेहमीसारखे निघाले. आणि शलाकानं चेंडू उंच सोडला.

तो सावकाश वर गेला. नोमसा दोन पावलं पुढं आली, तिनं बॅट उचलली, आणि मारायला चेंडूच नव्हता. तो अजून वर होता. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर शलाकाला परकेपणा दिसला. ही कोण, असा. नोमसा थांबली, मागं जावं की पुढं यावं याच्या घोटाळ्यात अडकली, आणि चेंडू तिच्यासमोर उतरला. सुटताना अगदी शेवटच्या क्षणी शलाकाच्या बोटांनी तो किंचित पिळला होता. टप्पा पडला, चेंडू वळला, बॅटच्या बाहेरून गेला. निलोफरनं तो घेतला आणि यष्ट्या उडवल्या, तेव्हा नोमसा रेषेबाहेर हातभर लांब होती.

पुढच्या चार षटकांत बाकीच्या मुलींनी काम पुरं केलं. भारत नऊ धावांनी जिंकला.

बक्षीस समारंभानंतर नोमसा शोधत आली. तिचे डोळे लाल होते, पण आधी तिनं शलाकाला मिठी मारली. "तो चेंडू तुझा नव्हता."

"माझाच. फक्त प्रतिस्पर्ध्याला कधी टाकला नव्हता."

"मग कुणाला टाकायचीस?"

शलाकानं चषकातून पाणी पिणाऱ्या निलोफरकडे बोट दाखवलं. नोमसा हसली. "उद्यापासून तो मला पण येईल, तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

आईचा फोन आला तेव्हा मागं अख्खी गल्ली ओरडत होती. "आज वाचलीस गं बाई!" आई म्हणाली. "आता कुठल्या अर्थानं ते मला इचारू नकोस."

"वाचलो बघ, आई," शलाका म्हणाली.

सकाळी सगळ्या मुली झोपलेल्या असताना ती जुळीच्या खोलीत गेली. पट्टीशिवाय ते दार उघडत नसे, म्हणून तिनं ती पुन्हा बांधली. निलोफर तिच्याआधीच तिथं पोचली होती. पॅडही न बांधता बॅट घेऊन उभी होती.

"आलाय गं तिच्यात," निलोफर म्हणाली. "आत्ताच भरून झालंय."

शलाका भिंतीला टेकली. जिंकल्याचा आनंद होता, तरी आतून काहीतरी कायमचं गेल्यासारखं वाटत होतं. तिनं कुणाचं ऐकून ते दिलं नव्हतं, स्वतःच दिलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. "खेळ बघू," ती म्हणाली.

"आक्का, लिंबूटिंबू टाक की!" पडद्यावरच्या यादीतला कालचा चेंडू निवडून निलोफर म्हणाली.

जुळी धावत आली. तिनं चेंडू उंच सोडला. तीच उंची, तोच सावकाशपणा. निलोफरनं लहानपणीसारखी बॅट मागं नेली आणि डोळे मिटल्यासारखी फिरवली. चेंडू टप्पा खाऊन वळला, बॅटच्या बाहेरून गेला आणि मागच्या जाळीत शांत पडला.

निलोफरनं वळून बघितलं. "हा न्हवं, आक्का. हा वळतोय. हा फसवतोय. तू मला टाकायचीस तो कधीच वळला न्हाई."

पडद्यावर जुळी पुढच्या चेंडूसाठी मागं जाऊन उभी राहिली होती. तिच्यापाशी जे होतं, ते कालचं होतं.

"म्हणजे तो वाचला," शलाका म्हणाली.

तिनं मनगटावरची पट्टी सोडून टेबलावर ठेवली. "चल, बॅट घे. बाहेर जाऊ."